सोलापुरातली शाळा, इयत्ता तिसरीची वजाबाकी : सहकारी बाई जुन्या पद्धतीने शिकवतात, मी काड्यांचे दहादहाचे गठ्ठे सुटे करून. रोज खटके उडतात. काय करावं?

आधी पाच मुलांच्या वह्या काढा. भांडण पद्धतीचं वाटतं, पण चूक दोन पद्धतींच्या सरमिसळीत असते. ५२ − २७ घ्या. तुम्ही एक दशक सुटा करता : वर ४ उरतात, ४ − २ = २. बाई वरचे ५ तसेच ठेवून खालच्या २ चे ३ करतात : ५ − ३ = २. एककात दोन्हीकडे १२ − ७ = ५, म्हणून उत्तर २५. मूल वरचा कमी करतं आणि खालचाही वाढवतं, मग ४ − ३ = १, उत्तर १५. वहीत १५ दिसलं की समजा, दोघांचंही ऐकलंय!

हे स्टाफरूममध्ये चारचौघांत काढू नका. मोकळ्या तासाला वीस मिनिटं मागा आणि "बाई, हे १५ कुठून आलं बघू या का?" असं विचारा. "तुमची पद्धत जुनी" म्हणालात की संपलं.

मग एवढंच ठरवा : दिवाळीपर्यंत या वर्गात मांडणी एकच, दुसरी नंतर. कोणाची, ते दहा गणितांची चाचणी घेऊन ठरवा. सोलापुरात, विशेषतः पूर्व भागात, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं बरीच. त्यांच्यासाठी शब्दही एकच हवा. एकीने 'हातचा', दुसरीने 'उसना' म्हटलं की ती दोन वेगळी गणितं समजतात.

एकमेकींचा एकेक तास मागे बसून बघा, शेरे न मारता. मुख्याध्यापकांकडे दोन आठवड्यांनी, तेही दोघींनी मिळून.