इंदूरच्या भंवरकुआंला, कोचिंग क्लासेसच्या भागात, नव्याने आलेल्यास

अरे, काल तुझ्या खोलीत नोट्सच्या सात चळती मोजल्या. त्यातल्या पाच बांधून माळ्यावर टाक.

आधी यूपीएससी प्रिलिम्सचे (पूर्वपरीक्षेचे) गेल्या १० वर्षांचे पेपर घे आणि प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीने विषय लिही. राज्यघटना, पर्यावरण किती वेळा येतं ते आपोआप दिसेल. सीसॅट, म्हणजे आकलन-गणिताचा दुसरा पेपर, २०० गुणांचा, पण ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळाले की पुरे. कटऑफ पहिल्या, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या पेपरवरच लागते. मी सीसॅटमध्ये मिरवायच्या हौसेपायी इतिहास कच्चा ठेवला नि एक वर्ष घालवलं. (गणिताची धास्ती असेल तर मात्र सीसॅटला हलक्यात घेऊ नकोस.)

धडा वाचला की पुस्तक मिटून आठवेल तेवढं कागदावर उतरव. कंटाळवाणं आहे खरं. पोहे-जिलेबी त्यानंतर.