ती वही आधी परत करा

पत्राचा मजकूर थोडक्यात : मुलगी नाशिकमध्ये बारावी सायन्सला आहे. पूर्वपरीक्षेत फिजिक्सला ७० पैकी ४३. कथा लिहिते. स्वयंपाकघरात एकटीच दोन आवाजांत बोलते. एकदा क्लासहून बसने येताना सीबीएस स्टँडला उतरलीच नाही, थेट नाशिकरोडला गेली. कारण काय, तर पुढच्या सीटवरच्या दोन बायकांचं भांडण संपलं नव्हतं. आजोबांच्या दहाव्यावर तिने लिहिलेली कथा वडिलांनी वाचली आणि वही कपाटात कुलूपबंद केली. 'इंजिनिअरिंगला नंबर लागेपर्यंत हे बंद. की मानसोपचारतज्ज्ञाला दाखवू?' असं ते विचारतात.

नमस्कार,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात मार्कांना सहा ओळी मिळाल्या आहेत आणि त्या एका कथेला दीड पान. मार्क कमी पडले म्हणून वही बंद केली, असं तुम्ही लिहिता. मला ते पटत नाही. कथा तुमच्या जिव्हारी लागली म्हणून वही बंद झाली. फिजिक्स नुसतं निमित्त. आणि सतरा वर्षांच्या मुलीची वही तिला न विचारता वाचलीत, याबद्दल चार पानांत एक शब्द नाही.

कथा तुम्हीच सांगितली आहे. गोदाघाटावर पिंड मांडलाय, कावळा शिवत नाही. एकेक नातेवाईक पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतो. थोरला मुलगा मात्र तोंड मिटून उभा. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि मंडळी घड्याळं बघत निघतात. यावर तुम्ही लिहिता, 'धादांत खोटं. मी वाकून शब्द दिला तेव्हाच कावळा शिवला. सगळ्या भावकीनं पाहिलं.'

खोटंच आहे ते. ती कथा आहे. घरात लिहिणारं कुणी असलं की हा घोळ होतोच. कथा म्हणजे घरातल्या प्रसंगाचा पंचनामा, अशी आपली समजूत असते आणि मग आपण त्यात चुका काढत बसतो. लिहिणारा घरातून सामान उचलतो हे खरं. घाट, दर्भ, कुणा चुलत्याचं मनगटावरचं घड्याळ. पण ते सामान तो दुसऱ्याच घरात नेऊन मांडतो. तुमच्या दहाव्याला घडलं ते जसंच्या तसं लिहिलं असतं तर कथा दोन ओळींत आटोपली असती : शब्द दिला, कावळा शिवला. तिला गप्प राहणारा माणूस हवा होता, म्हणून तिने तो तयार केला. त्याच्या अंगात तुमचा सदरा असेल, पण तो तुम्ही नाही. तुमच्याविरुद्धची तक्रार म्हणून ती कथा वाचू नका.

आता एकटीच बोलण्याचं. चार्ल्स डिकन्सच्या मुलीने लिहून ठेवलंय की वडील लिहिता लिहिता उठून आरशापाशी धावत, चित्रविचित्र तोंडं करत आणि परत येऊन भराभर लिहायला लागत. एडिंबरोच्या पुस्तक महोत्सवाला आलेल्या १८१ लेखकांना संशोधकांनी विचारलं, तेव्हा ६३ टक्के म्हणाले की लिहिताना आम्हाला पात्रांचे आवाज ऐकू येतात. तुमची मुलगी संवाद तोंडात घोळवून बघते, इतकंच. हे आपणच रचतोय, हे तिला पक्कं माहीत असतं. ते भान सुटलं, आवाज हुकूम सोडायला लागले, ती भेदरली, झोप उडाली, तर जरूर डॉक्टरांकडे जा आणि वेळ लावू नका. तुमच्या पत्रात यातलं काहीही दिसत नाही.

याचा अर्थ तिला सगळं माफ, असा नाही. बस नाशिकरोडला पोचेपर्यंत घरी एक फोन करता आला असता, त्यावरून रागवा. आणि तेराव्याला तिने आत्याला विचारलं की आजोबांचा शेवटचा श्वास कसा वाजत होता. हे वाईट केलं. लिहिणाऱ्याला ही खोड लागते, रडणाऱ्या माणसासमोरही त्याचं एक डोळा उघडा ठेवून टिपणं चालू असतं. मनात टिपू दे. आत्याला विचारायचं नाही.

करिअरचं विचाराल, तर सीईटी देऊ दे, फिजिक्सचे तेवढे मार्क वाढतात. नुसत्या कथांवर मराठीत घर चालत नाही, तेव्हा पोटासाठी दुसरं काहीतरी लागणारच, हे तिलाही स्पष्ट सांगा. पण त्यासाठी लिहिणं थांबवायची गरज नाही. २०२१ मध्ये नाशिकला साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष जयंत नारळीकर खगोलशास्त्रज्ञ होते. त्यांनी पहिली विज्ञानकथा स्पर्धेला धाडली ती टोपणनावाने. तुमच्या मुलीला हवी असेल तर ती वाटही आहे. हवी असेल तर, असं म्हणते, कारण तिला स्वतःला काय व्हायचंय हे तुमच्या चार पानांत मला कुठेही सापडलं नाही.

म्हणून तुम्ही मागितलेली कॉलेजांची यादी आज देत नाही. आधी कपाट उघडा, वही तिच्या हातात द्या आणि न विचारता वाचली हे कबूल करा. 'छान लिहिलंयस' वगैरे म्हणायची गरज नाही, तुम्हाला ते आवडलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकत राहिली. तुम्ही शब्द दिला हे पत्रात तीनदा आलंय, पण काय शब्द दिलात ते एकदाही नाही. घाटावर बायका-मुली बहुतेक मागेच उभ्या असतात. वाकून हलक्या आवाजात तुम्ही जे बोललात, ते तिच्यापर्यंत पोचलंच नसेल. तिला तुमची फक्त पाठ दिसली असेल. वही परत देताना तेवढं तिला सांगता आलं तर बघा.