एवढासा वायू, एवढी उष्णता?

प्रश्न : नातवाच्या नववीच्या प्रकल्पासाठी हवामानबदलावर वाचायला बसलो. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. तेवढ्याने अख्खी पृथ्वी तापते, हे पटत नाही. शिवाय हे सगळं गेल्या वीस-तीस वर्षांतलंच ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : टक्केवारी बरोबर आहे, पण ती काढताना तुम्ही बघ्यांनाही मोजलंत. कोरड्या हवेत ९९ टक्के नायट्रोजन आणि ऑक्सिजन. तापलेल्या जमिनीतून वर जाणारे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, हे दोघे अडवतच नाहीत. अडवतात ते बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे मोजकेच. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. आज ते १५ च्या घरात आहे. बाष्पाचा वाटा सर्वांत मोठा, पण ते जास्त झालं की पाऊस होऊन पडतं. कार्बन डायऑक्साइड साचत राहतो.

आणि वीस-तीस वर्षं कसली? सत्तावनच्या उठावाच्या आदल्या वर्षी, १८५६ मध्ये, अमेरिकेतल्या युनिस फूट यांनी काचेच्या दोन सारख्या नळ्या घेतल्या. प्रत्येकीत दोन तापमापी. एकीत साधी हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड. उन्हात ठेवल्यावर दुसरी १२५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळपास ५२ सेल्सिअसपर्यंत चढली आणि उन्हातून काढल्यावर निवायलाही कितीतरी जास्त वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, हे बाईंनी तेव्हाच लिहून ठेवलं. शास्त्रज्ञांच्या परिषदेत त्यांचा निबंध वाचला मात्र जोसेफ हेन्री या पुरुष शास्त्रज्ञाने!

उन्हापासून वेगळे असे अवरक्त किरण घेऊन कोणता वायू ते किती अडवतो, हे मोजायचं काम १८५९ पासून लंडनमध्ये शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी केलं. १८९६ मध्ये स्वीडनचे शास्त्रज्ञ आऱ्हेनिअस यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान ५-६ अंशांनी वाढेल, असं गणित मांडलं. आकडा जरा चढाच होता. १९५८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ या डोंगरावर त्याची मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता ४२० च्या वर.

नातवाला सोडा-व्हिनेगरने बाटलीत कार्बन डायऑक्साइड तयार करून ती दिव्याखाली तापवू देऊ नका. प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसून मी त्या बाटल्यांना कंटाळलोय. काच स्वतःच अवरक्त किरण अडवते, मग फरक दिसला तरी तो कशामुळे, हे पोराला सांगता येत नाही. त्यापेक्षा कीलिंग यांचा आलेख काढायला लावा. रेघ चढती, पण दातेरी येईल : मेमध्ये वर, सप्टेंबरच्या सुमारास खाली. ते दात कशाचे, हे परीक्षक हमखास विचारतील. उत्तर गोलार्धातली झाडंझुडपं त्यांच्या उन्हाळ्यात वाढताना हा वायू ओढून घेतात, एवढं त्याला आलं पाहिजे.