लॅपटॉपचं झाकण उघडलं की सगळं गोठतं. फॉरमॅट मारू, की रोज शट डाऊन करत जाऊ?

फॉरमॅट मारू नका. निदान आज तरी नको. तुम्ही लिहिलंय की झाकण मिटून तासाभराने उघडलं की कधी स्क्रीन काळीच राहते, कधी आधीचं काम जसंच्या तसं दिसतं पण काही हलत नाही, आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं. ऑफिसातले म्हणतात विंडोज नव्याने टाक, घरचे म्हणतात स्लीपला टाकूच नकोस. हे दोन्ही सल्ले मी इतक्यांदा ऐकलेत की तुमचा प्रश्न वाचून उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मी कराडला घरूनच हिशेबाचं आणि जीएसटीचं काम करते. दर महिन्याच्या 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 ला 3बी, ही जीएसटीची दोन विवरणपत्रं भरायची असतात. त्या दिवसांत एका वेळी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, दोन-तीन एक्सेल, पोर्टल, बँकेचं स्टेटमेंट असं सगळं उघडं असतं. मधेच उठून कुकर लावायचा, मुलीला शाळेतून आणायचं, आणि परत बसलं की 2बी ची, म्हणजे खरेदीवरच्या कराच्या पोर्टलवरच्या तक्त्याची, जुळवणी जिथे सोडली तिथून पुढे. स्लीप आहे तेच मुळी यासाठी. ते वापरण्यात चूक कसली?

माझा लॅपटॉप आधी ठीक होता. जुनी हार्ड डिस्क फार रेंगाळायला लागली म्हणून इथल्याच एका दुकानात एसएसडी बसवून घेतली, ती छोट्या पट्टीसारखी असते ती, एनव्हीएमई. वेग एकदम वाढला, पण त्याच आठवड्यात झाकण उघडल्यावर गोठणं सुरू झालं. दुकानात नेला तर दोन मिनिटं पाहून म्हणाले, मदरबोर्ड गेलाय. बोर्डाची किंमत नव्या लॅपटॉपच्या निम्मी. मशीनमध्ये अलीकडे काय बदललं, एवढा एक प्रश्नही कुणी विचारला नाही. बदल तर त्यांच्याच हातून झाला होता.

आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, हिंजवडीत आयटीत आहेत. त्यांना फोन केला. ‘वहिनी, फॉरमॅट मारा, आणि रात्री नीट शट डाऊन करत जा. स्लीप हा प्रकारच बेभरवशाचा.’ माणूस हुशार आहे, पण लॅपटॉप न बघता निदान. 3बी ची तारीख तोंडावर असताना टॅली, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर हे सगळं पुन्हा बसवत बसायचं, आणि दुखणं तिथेच राहिलं तर?

मग मी स्वतःच बघायला बसले. गोठलेल्या मशीनकडे नीट पाहिलं की ते बरंच सांगतं. माऊसचा बाण फिरत होता. कॅप्स लॉक दाबलं की त्याचा दिवा लागत-विझत होता. म्हणजे प्रोसेसर जागा, स्क्रीन जागी. पण स्टार्टवर क्लिक केलं की काही नाही, आणि टास्कबारवरचं घड्याळ झाकण मिटलं त्या वेळेवरच थांबलेलं. एकदा तर बटण दाबून बंद करून लगेच चालू केलं तेव्हा काळ्या पडद्यावर आलं की बूट करायला डिस्कच सापडत नाही. थोडा वेळ पूर्ण बंद ठेवल्यावर डिस्क परत हजर.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडलं. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. माझा लॅपटॉप झोपायला जातो तेव्हा तिथे कर्नल-पॉवरची 42 नंबरची नोंद होते. नीट उठला की पॉवर-ट्रबलशूटरची 1 नंबरची नोंद येते, त्यात झोपल्याची आणि उठल्याची वेळ असते. माझ्याकडे 42 होती, आणि त्यानंतर थेट 41, म्हणजे आधीच्या वेळी नीट बंद न होता मशीन पुन्हा सुरू झालं. मधे एक ओळ नाही. माऊस फिरतोय, दिवा लागतोय, म्हणजे विंडोज जिवंत आहे, पण त्याला नोंद लिहिता येत नाहीये. नोंद लिहायची कुठे, तर डिस्कवर. तीच उठलेली नाही.

खात्रीसाठी हायबरनेट करून पाहिलं. स्लीपमध्ये रॅमला वीज चालू राहते आणि उघडलेलं सगळं तिथेच असतं. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून मशीन पूर्ण बंद होतं, आणि चालू करताना बायॉस, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन जागं करणारा मूळ प्रोग्रॅम, डिस्कला अगदी पहिल्यापासून उठवतं. हायबरनेटमधून लॅपटॉप दर वेळी बिनतक्रार उठला, स्लीपमधून मात्र अडकायचा. बोर्ड गेलेला असता तर असा भेदभाव त्याने केला नसता.

उपाय दोन टप्प्यांत झाला. आधी पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये पीसीआय एक्स्प्रेसखाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट असतं, वीज वाचवायला डिस्कसारख्या भागांचा जोड निजवणारं, ते ऑफ केलं. गोठणं कमी झालं, पण थांबलं नाही. मग एसएसडीच्या कंपनीचं सॉफ्टवेअर उतरवून तिचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलाच प्रोग्रॅम, अपडेट केलं, लॅपटॉपचं बायॉसही. तेव्हापासून तोच बोर्ड, तेच विंडोज, तेच टॅली, आणि झाकण उघडलं की काम पुढे सुरू. बायकांना यातलं काय कळतं, असा चेहरा करून ज्यांनी मला बोर्डाची किंमत सांगितली, त्यांना मी लॅपटॉप नेऊन झाकण मिटून-उघडून दाखवला. पुन्हा बोर्डाचं नाव निघालं नाही.

आता तुमचं. तुमची स्क्रीन काही वेळा काळीच राहते हे माझ्याहून वेगळं आहे. तशी राहिली की विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्रॅम, नव्याने सुरू होतो, बऱ्याचदा एक बारीक बीप ऐकू येते. चित्र परत आलं तर दोष त्या ड्रायव्हरचा. तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा नेमका घ्या. ताजा ड्रायव्हर टाकल्यावरच त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून रोल बॅक करा, म्हणजे आधीचा परत आणा. बटणं दाबूनही काही होत नसेल आणि कॅप्स लॉकचा दिवाही बदलत नसेल, तर मशीन खोलवर अडकलंय. मग बायॉस अपडेट, रॅमची तपासणी, या क्रमाने जा.

तुमच्या लॅपटॉपची झोप कुठल्या प्रकारची आहे तेही बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश ए असं इंग्रजी अक्षरांत टाका. उपलब्ध असलेल्या प्रकारांच्या यादीत एस3 आलं तर जुन्या पद्धतीची झोप. एस0 लो पॉवर आयडल आलं तर ती मॉडर्न स्टँडबाय, विंडोज 10 बरोबर 2015 मध्ये आलेली. तिच्यात मशीन खरं म्हणजे झोपतच नाही, फोनसारखं अर्धवट जागं राहतं, आणि म्हणून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप कधी कधी तापलेला सापडतो. तुमचा तसला असेल तर झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट व्हावं असं सेटिंग करून ठेवा. उघडायला थोडे सेकंद जास्त लागतात, पण काम जात नाही. मूळ दोष सापडेपर्यंत तेवढं पुरेसं आहे.

राहिलं रोज शट डाऊन करण्याचं. याचा निकाल आमच्या घरी दिवाळीत लागला. भाऊजींनी फराळाच्या वेळी सगळ्यांसमोर पुन्हा तोच विषय काढला, की वहिनींनी आधीपासून शट डाऊनची सवय ठेवली असती तर हे झालंच नसतं. मी त्यांचाच लॅपटॉप मागून घेतला, टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेले. खाली अप टाइम लिहिलेला असतो. रोज रात्री शट डाऊन करणाऱ्या माणसाच्या मशीनचा अप टाइम पंधरवड्याच्या वर होता. कारण 2012 मध्ये विंडोज 8 आलं तेव्हापासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे. शट डाऊन म्हटलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत वर येते. बिघडलेला ड्रायव्हर रात्रभर बिघडलेलाच जपला जातो. तो साफ करायचा तर रीस्टार्ट करावं लागतं, किंवा शिफ्ट दाबून ठेवून शट डाऊन. भाऊजी गप्प बसले, पण घरी गेल्यावर त्यांनी फास्ट स्टार्टअप बंद केलं, हे जाऊबाईंनी मला सांगितलं.

म्हणून तुमच्या घरच्यांना सांगा, रोजचं शट डाऊन हा यावर उपाय नाही. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा आणि बाकी वेळ खुशाल झाकण मिटा.

एक-दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. फर्मवेअर किंवा बायॉसला हात लावण्यापूर्वी डेटाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढा, चार्जर लावलेला ठेवा, आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर अपडेटनंतर मशीन तीच मागत बसेल. वॉरंटी शिल्लक असेल तर स्वतः उघडू नका आणि बाहेरच्या दुकानातही उघडायला देऊ नका. गोठलेल्या स्क्रीनचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात माऊस, घड्याळ आणि कॅप्स लॉकचा दिवा दिसू द्या, आणि तो घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. तिथे कुणी न तपासता बोर्ड बदला म्हणालं, तर झोपायला गेल्याच्या नोंदीनंतर काय नोंद आहे ते त्यांनाच उघडून दाखवायला सांगा.