बालू वापरणार असशील तर

‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बालू’ तुला आवडला, छानच. गुबगुबीत, गोलसर, खोडकर फॉन्ट आहे. पण तो मथळ्यापुरताच ठेव. मुलांचं पुस्तक, पोस्टर, वेष्टन. तीन-चार शब्द, तेही मोठ्या आकारात. परिच्छेद त्यात लावू नकोस. रेघा जाड असल्यामुळे अक्षरांतली पोकळी आधीच कमी, त्यात आकार लहान केला की ‘क्ष्म’, ‘ष्ट्य’ अशी जोडाक्षरं बुजतात. मथळा दोन ओळींचा असेल तर ओळींमधलं अंतर प्रिंट काढूनच तपास. वरच्या ओळीतले उकार खालच्या वेलांट्यांवर आदळतात आणि स्क्रीनवर ते पटकन लक्षात येत नाही. मजकुराला साधा, हलका फॉन्ट घे. ‘बालू २’ या त्याच्या नंतरच्या आवृत्तीत पाच वजनं, म्हणजे रेघांच्या जाडीचे पाच प्रकार आहेत, पण मथळ्याला मी सगळ्यात जाड, एक्स्ट्राबोल्डच घेते; त्याचा खट्याळपणा तिथेच खुलतो.