टॅली आणि फाइल शेअरिंगसाठी १२ जणांच्या ऑफिसात सर्व्हर जोडायचाय, मदरबोर्ड कोणता घ्यावा?

दुकानदार गेमिंग बोर्ड सुचवतोय म्हणता, तो टॅलीला पुरेल का? पुरेल. बारा जणांच्या टॅलीला आणि एक्सेलच्या फाइलींना वेग फारसा लागतच नाही. गोची दुसरीकडे होते.

मी अकोल्यात हार्डवेअरची कामं करतो. काही वर्षांपूर्वी खामगावच्या एका जिनिंगवाल्यांना मीच साध्या डेस्कटॉप बोर्डावर सर्व्हर जोडून दिला. पैसे वाचले म्हणून तेही खूश, मीही खूश. मग ऐन कापसाच्या हंगामात सकाळी सकाळी फोन, "टॅली उघडत नाहीये." गाडी काढली, पन्नासेक किलोमीटर गेलो, सर्व्हरला मॉनिटर लावला. काळ्या पडद्यावर एकच ओळ: पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. रात्री लाइट गेली, यूपीएसही बसला, आणि बोर्डाची सेटिंग लक्षात ठेवणारा सीमॉसचा सेल आधीच मेलेला, त्यामुळे बोर्ड सगळी सेटिंग विसरला होता. एफ-वन दाबलं, नवा सीआर-२०३२ सेल टाकला, चहा घेतला, परत आलो.

तेव्हापासून माझी पहिली अट आयपीएमआय, म्हणजे लांबून सर्व्हर हाताळायची सोय. अशा बोर्डावर बीएमसी नावाचा वेगळा छोटा कॉम्प्युटरच बसवलेला असतो. सर्व्हर बंद असला तरी प्लगमध्ये करंट आहे तोवर तो जागा. घरी बसून बायोसची, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगची स्क्रीन दिसते, मशीन चालू-बंद करता येतं, पंखे किती फिरतायत, प्रोसेसर किती तापलाय हे कळतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि ऑफिसचा एसी संध्याकाळी सातला बंद होतो. त्या दिवसांत हे आकडे मी रोज बघतो. फक्त हा आयपीएमआयचा पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका, व्हीपीएनमधूनच, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खाजगी वाटेनंच आत शिरा. सुपरमायक्रो या सर्व्हर बोर्डांच्या कंपनीचा जुना बोर्ड घेतलात तर पासवर्ड आधी बदला. २०२० पूर्वीच्या बोर्डांवर युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही 'ॲडमिन'च असायचे.

दुसरी अट ईसीसी रॅम, म्हणजे स्वतःची चूक ओळखणारी रॅम. ६४ बिटांमागे ८ जादा बिट असतात. एक बिट बिघडला तर जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन बिघडले तर निदान बोंब तरी होते. दुकानदार म्हणेल, "डीडीआर-५ या नव्या पिढीच्या रॅममध्ये ईसीसी आतच असतं." ते चिपच्या पोटातलं. रॅमपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक त्याला दिसत नाही. इंटेलच्या एच-६१०, बी-७६० या साध्या चिपसेटच्या बोर्डांवर खरं ईसीसी चालतच नाही. डब्ल्यू-६८० चिपसेट तरी हवा, नाहीतर झिऑनचा, म्हणजे इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरचा बोर्ड. आणि छोट्या सर्व्हर बोर्डांना यूडीआयएमएम प्रकारची रॅम लागते. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी जुनी सर्व्हर रॅम बहुतेक आरडीआयएमएम या वेगळ्या प्रकारची असते, ती इथे चालणार नाही.

तुमच्या कामाला मी सुपरमायक्रोचा एक्स-१२-एसटीएल-एफ घेईन: झिऑन ई-२३००, रॅमचे चार स्लॉट, १२८ जीबीपर्यंत जागा, डिस्क जोडायला सहा साटा पोर्ट. नावाच्या शेवटी एफ आहे ना बघा, त्यांच्याकडे एफ म्हणजे आयपीएमआय. रॅम-प्रोसेसरसकट स्वस्तात मिळणाऱ्या चिनी एक्स-९९ बोर्डांच्या नादी लागू नका. त्यांवरचे झिऑन २०१४-१६ चे.

जोडणारा भरवशाचा माणूस गावात नसेल तर सरळ तयार टॉवर सर्व्हर घ्या. मात्र रिमोट स्क्रीनचं लायसन्स किमतीत धरलंय का, हे कोटेशन आल्यावर विचारा. बऱ्याचदा ते वेगळं विकत घ्यावं लागतं.