पॉट्सडॅमला भूकंपमापनाच्या कामात येण्याआधी

तू विचारलंस, ऐरोलीत नेटवर्कची नोकरी करतेय, पदवी इलेक्ट्रॉनिक्सची. भूगर्भशास्त्र न शिकता जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या जीएफझेड या भूविज्ञान संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी जमेल का? जमेल. मीसुद्धा वागळे इस्टेटमध्ये मीटर कॅलिब्रेट करणारा ठाणेकरच.

फक्त काम काय असतं ते समजून घे. एखाद्या देशाचं भूकंपमापनाचं जाळं आधुनिक करायचं म्हणजे नवी ब्रॉडबँड यंत्रं (मंद ते जलद सगळी कंपनं टिपणारी) नेऊन बसवायची, असं सगळ्यांना वाटतं. तो सोपा भाग. खरी पंचाईत बॅटरी उतरते, जीपीएसची वेळ सुटते, खड्ड्यात पाणी शिरतं तेव्हा. 2004 च्या त्सुनामीनंतर जर्मनीने इंडोनेशियाला इशारा यंत्रणा उभारायला मदत केली, 2008 मध्ये तिचं उद्घाटन झालं. त्या कामात नव्याने घडलेलं साइसकॉम्प हे भूकंपाच्या नोंदी तपासणारं सॉफ्टवेअर आज कितीतरी देशांत चालतं, म्हणून लिनक्स आणि पायथनसोबत तेही शिकून ये. पण इंडोनेशियाच्या समुद्रातले त्सुनामी टिपणारे तरंगते बोये 2012 पासूनच बंद पडलेले. 2018 मध्ये तिथल्या पालू शहरात त्सुनामी आली तेव्हा एकही चालू नव्हता. उद्घाटनाला पैसे निघतात, देखभालीला नाही. मुलाखतीत यावर बोल, यंत्रांच्या मॉडेल नंबरांवर नको.

निघण्याआधी हात बसव. रास्पबेरी शेक नावाचं छोटं भूकंपमापक यंत्र मिळतं. ते तळमजल्यावर ठेव, गच्चीवर नको, उंचावर इमारतच डुलते. दिवसा ठाणे-बेलापूर रोड आणि लोकलमुळे रेघ जाड दिसेल. शेवटची लोकल गेली की बारीक होईल. डहाणू-तलासरीकडे 2018 पासून धक्के बसताहेत. त्यातला एखादा बऱ्यापैकी धक्का रात्री सापडला, तर आधी पोचणारी पी आणि मागून येणारी एस या भूकंपाच्या दोन लाटांमधले सेकंद मोज आणि आठाने गुण, अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळतं. डहाणूसाठी बाराच्या आसपास सेकंद यायला हवेत. हा आलेख अर्जाला जोड, त्याचं वजन प्रमाणपत्रापेक्षा जास्त पडतं असं माझं मत.

ब्लू कार्डसाठी, म्हणजे तिथल्या नोकरीच्या परवान्यासाठी, तुझं विद्यापीठ अनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत कसं नोंदलंय ते आधी बघ. ऑफिसात इंग्रजीवर भागतं, घर शोधताना मात्र जर्मन लागतंच. आणि असे प्रकल्पांचे करार बहुतेक ठरावीक मुदतीचे असतात, पुढच्या निधीवर लटकलेले. ऐरोलीच्या फ्लॅटचा हप्ता त्या हिशेबात बसतोय का ते पाहूनच राजीनामा दे.